‘कारखान्यातून निघाली तशी’: मॉडेल टी, तिचे ब्रेक आणि अस्सलपणाचा खोटा इतिहास

१/ जुन्या मोटारींच्या जगात एक वाक्य धर्मवचनासारखे उच्चारले जाते: गाडी कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे. या वचनाचे पालन मात्र मोठ्या सोयीने होते. फोर्ड मॉडेल टीच्या मागच्या चाकांवर कोणी १९२०च्या दशकातले पट्ट्यांचे ब्रेक बसवले, तर ‘अस्सलपणा गेला’ म्हणून भुवया उंचावतात. त्याच गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर चकाकणारा मोटोमीटर दिसला, की कॅमेरे पुढे सरसावतात. या दोन्ही वस्तू एकाच काळातल्या आहेत, आणि फोर्डने गाडीबरोबर दोन्हीही दिल्या नव्हत्या. मग एक पाप आणि दुसरी शोभा का? हा धागा त्या ढोंगाविषयी आहे.

२/ प्रथम गाडीची ओळख. मॉडेल टीचे उत्पादन १९०८च्या शरदात सुरू झाले आणि मे १९२७ मध्ये थांबले. या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. चार सिलिंडरचे २.९ लिटर इंजिन, शक्ती सुमारे २० अश्वशक्ती, सपाट रस्त्यावर वेग ताशी फार तर ४० ते ४५ मैल. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना गाड्या पुरवण्याचे काम प्रामुख्याने फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होते. तिचीच भारतीय शाखा १९२६ मध्ये स्थापन झाली आणि मुंबईत फोर्ड गाड्यांची जुळणी होऊ लागली. महाराष्ट्रातील संग्राहकांच्या गॅरेजांत आज दिसणाऱ्या मॉडेल टी या इतिहासाचा अवशेष आहेत. म्हणून हा वाद केवळ अमेरिकेचा राहत नाही.

३/ ‘कारखान्यातून निघाली तशी’ ही गाडी नेमकी कशी होती, हे वचन घोकणाऱ्यांनी एकदा नीट पाहावे. सुरुवातीच्या गाड्यांवर समोरची काच, कापडी टप आणि अ‍ॅसिटिलीनचे दिवे यांचेही पैसे वेगळे मोजावे लागत. पेट्रोल किती उरले हे दाखवणारा काटा नव्हता. पुढचे आसन उचलायचे, टाकीचे झाकण काढायचे आणि आत काठी बुडवून पाहायचे. मागचे दिसावे म्हणून आरसा नव्हता. बंपर नव्हते. पाणी फिरवणारा पंप नव्हता. गरम पाणी वर चढते आणि थंड खाली उतरते, एवढ्याच तत्त्वावर इंजिन थंड राहत असे. पेट्रोलचा पंपही नव्हता. टाकी आसनाखाली, कार्बोरेटर पुढे. त्यामुळे तीव्र चढावर टाकीत पेट्रोल कमी असले, तर ते पुढे पोहोचत नसे आणि चालकाला गाडी वळवून उलटी चढवावी लागे. विजेचा स्टार्टर १९१९ मध्ये आला, आणि तोही सर्व गाड्यांना सरसकट नव्हता.

४/ अशा गाडीचा मालक काय करील? जे त्याने केले तेच. सीअर्स रोबकच्या टपाली सूचीतून आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून तो आरसा, पेट्रोलचा काटा, पाण्याचा पंप, जादा स्प्रिंगा, बंपर, ब्रेक असे एकेक विकत घेत गेला. या जोडसाहित्याचा, म्हणजे नेहमीच्या भाषेत अ‍ॅक्सेसरींचा, एक स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. जॉर्ज पेपरडाइन यांनी १९०९ मध्ये कॅन्सस सिटीत वेस्टर्न ऑटो ही कंपनी काढली, ती फोर्डचे सुटे भाग आणि जोडसाहित्य टपालाने विकण्यासाठी. त्या धंद्याच्या नफ्यातून पुढे कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. मॉडेल टीच्या उणिवांवर एक विद्यापीठ चालू होऊ शकले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

५/ १९३६ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये ई. बी. व्हाइट यांचा या गाडीला निरोप देणारा एक सुंदर निबंध प्रसिद्ध झाला. नवी फोर्ड घेणारा माणूस तिला पूर्ण वस्तू मानत नसे, ती त्याच्या कामाची केवळ सुरुवात असे, हा त्या निबंधाचा एक मध्यवर्ती विचार आहे. हा साहित्यिकाचा स्मरणरंजनी उद्गार म्हणून सोडून देता येत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी नंतर हीच गोष्ट दस्तऐवजांवरून दाखवली. रॉनल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा १९९६चा लेख अमेरिकन शेतकऱ्यांविषयी आहे. त्यांनी याच गाडीचे मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला, लाकडे कापली, धान्य दळले. कॅथलीन फ्रान्झ यांचे २००५चे पुस्तक तर मोटारीत फेरफार करणाऱ्या सामान्य ग्राहकांवरच आहे. दोन्हींचा निष्कर्ष एका दिशेने जातो: या गाडीचे रूप ठरवण्यात वापरणाऱ्याचाही वाटा होता.

६/ तेव्हा ज्या निखळ, निर्भेळ मॉडेल टीची पूजा चालते, ती रस्त्यावरची गाडी नव्हे. ती विक्रीच्या पत्रकातली गाडी आहे. खरी मॉडेल टी काही आठवड्यांतच मालकाच्या हातची होत असे. संग्रहालयात एखादी गाडी पत्रकाप्रमाणे ठेवावी, त्यात गैर काही नाही. उत्पादनाचा इतिहास सांगायला तीच हवी. पण तिला रस्त्यावर आणून, तिच्यात मुलेबाळे बसवून, मागे बस आणि पुढे दुचाकींचा थवा असताना ‘हाच खरा इतिहास’ म्हणणे म्हणजे वापराचा सारा इतिहास पुसून टाकणे होय.

७/ आता मूळ मुद्दा: ब्रेक. येथे थोडे तपशिलात जावे लागेल, कारण ‘त्या काळी चालतच होत्या की’ म्हणणाऱ्या बहुतेकांना ही गाडी थांबते कशी हेच माहीत नसते.

मॉडेल टीला तीन पेडल असतात. डावे क्लचचे आणि गिअरचे, मधले उलट जाण्याचे, उजवे ब्रेकचे. हे ब्रेकचे पेडल चाकांना स्पर्शही करत नाही. ते गिअरबॉक्सच्या आत, इंजिनच्याच तेलात भिजलेल्या एका ड्रमभोवती अस्तर लावलेला पट्टा आवळते. ड्रम थांबला की मागे जाणारा दांडा थांबतो, दांड्याच्या टोकाचा छोटा दातेरी गिअर थांबतो, त्यात अडकलेला मोठा गिअर थांबतो, डिफरन्शियल थांबते, दोन्ही बाजूंचे एक्सल थांबतात, आणि एक्सलच्या टोकाला एका लहानशा चावीने पकडलेले चाक शेवटी थांबते. ही साखळी आहे. तिच्यातली एक कडी तुटली, की पायाखालचे पेडल पूर्ण दाबलेले असते, गिअरबॉक्समधला ड्रमही घट्ट थांबलेला असतो आणि गाडी मात्र उतारावरून मोकळी धावत असते.

८/ एका बाजूचा एक्सल मोडला तर दुसऱ्या बाजूचा तरी ब्रेक लागेल, असे वाटणे साहजिक आहे. लागत नाही. डिफरन्शियलचा धर्मच असा, की एका बाजूचा विरोध संपला की सारी हालचाल तिकडे वाहून जाते. म्हणजे एक एक्सल मोडला की पायाचा ब्रेक दोन्ही चाकांवरून नाहीसा होतो. निसरड्या रस्त्यावर एक चाक घसरू लागले तरी याच रोगाची सौम्य आवृत्ती अनुभवाला येते.

९/ उरला हाताचा लिव्हर. तो मागच्या चाकांवरच्या ड्रमना थेट पकडतो, म्हणून तत्त्वतः वरच्या साखळीपासून स्वतंत्र आहे. पण १९२५पर्यंतच्या गाड्यांत हे ड्रम लहान आणि आतले जबडे बिडाचे, अस्तराविना होते. उभी गाडी जागेवर राहावी एवढ्यासाठीच ती योजना. धावती गाडी त्यावर थांबवण्याची आशा धरणे म्हणजे दाराच्या कडीने हत्ती बांधणे. फोर्डलाही हे कळले होते: १९२६च्या सुधारित गाड्यांत ड्रम मोठे झाले आणि त्यांना अस्तर आले. आणि डिसेंबर १९२७ मध्ये मॉडेल ए आली ती चारही चाकांवर ब्रेक आणि समोर न विखुरणारी काच घेऊनच. ज्या कारखान्याच्या नावाने शपथ घेतली जाते, त्या कारखान्याने स्वतःच्या जुन्या रचनेवर दिलेला हा निकाल होता. क्रायस्लरने १९२४ मध्येच चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक दिले होते, हेही जाता जाता नोंदवावे.

१०/ अस्सलपणाच्या आग्रहाचा सर्वांत घातक नमुना मात्र डोळ्यांना दिसतच नाही. मागच्या एक्सलच्या पोटात मोठ्या गिअरचा रेटा सोसण्यासाठी वॉशर असतात. फोर्डने बहुतेक गाड्यांत ते बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूचे दिले. शंभर वर्षांनी हा धातू ठिसूळ होतो आणि चुरा होऊन तेलात मिसळतो. वॉशर गेला की मोठा गिअर बाजूला सरकतो, छोट्या गिअरपासून सुटतो, आणि वर वर्णन केलेली साखळी मधोमध तुटते. मॉडेल टी जाणणारा कोणताही कारागीर सांगेल, की माहीत नसलेला एक्सल उघडल्याशिवाय आणि आत ब्राँझचे वॉशर घातल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. हा बदल बाहेरून कणभरही दिसत नाही. तरीही ‘हात लागलेला नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, आणि ऐकणारे कौतुकाने माना डोलावतात. हात लागलेला नाही याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की आत काय उरले आहे ते कोणी पाहिलेले नाही.

११/ येथपर्यंतचे वाचून दुसऱ्या पंथाचे लोक सुखावले असतील. हा पंथ म्हणतो: त्या काळातले असेल ते सर्व बसवा, कारण तोही इतिहासच. यांचाही समाचार घेणे आवश्यक आहे. त्या काळातले म्हणून एखादी वस्तू सुरक्षित ठरत नाही. त्या बाजारात उत्तम कारागीर होते, तसे भोंदूही होते. आणि काही उत्तम वस्तूंनीच नवे धोके निर्माण केले.

१२/ वॉरफर्डची जादा गिअरपेटी हे याचे चोख उदाहरण. मॉडेल टीला पुढे जाण्याचे दोनच गिअर. एक मुंगीच्या पावलांचा, दुसरा सपाटीचा, मध्ये काही नाही. डोंगराळ मुलुखात माणसे त्रासली आणि मूळ गिअरबॉक्सच्या मागे जोडण्याच्या जादा पेट्या विकल्या जाऊ लागल्या. वॉरफर्डची पेटी त्यांतली नामांकित. पण तिला न्यूट्रल आहे, आणि ती पायाच्या ब्रेकच्या मागे बसते. गिअर बदलताना पेटी न्यूट्रलमध्ये राहिली, की ब्रेकचा ड्रम एकीकडे आणि चाके दुसरीकडे. उतारावर चालक गिअर हुकला, की त्याच क्षणी त्याचा ब्रेकही हुकतो.

१३/ रक्स्टेल एक्सलची गोष्ट अधिक बोलकी आहे. ग्लोव्हर रक्स्टेल यांच्या नावाचा हा दोन गतींचा मागचा एक्सल फोर्डच्या मान्यतेने खुद्द फोर्डच्या विक्रेत्यांकडे मिळत असे. म्हणजे ‘कारखान्याची संमती’ हा निकष लावणाऱ्यांनाही तो नाकारता येणार नाही. त्याने चढ सोपे होतात आणि उतारावर इंजिनाचा लगाम अधिक घट्ट बसतो. पण त्याची जुळणी बिघडली, लिव्हर अर्धवट सरकला, तर दोन गतींच्या मधल्या पोकळीत तो अडकू शकतो, आणि तेथेही पायाचा ब्रेक निकामी होतो. म्हणून ज्या गाडीवर वॉरफर्ड किंवा रक्स्टेल आहे, तिच्या मागच्या चाकांवर स्वतंत्र ब्रेक असलेच पाहिजेत. या वाक्याला ‘शक्यतो’ हा शब्द जोडण्याची सोय नाही.

१४/ हे स्वतंत्र ब्रेक म्हणजेच रॉकी माउंटन नावाने ओळखले जाणारे पट्ट्यांचे ब्रेक. त्या नावातच त्यांच्या जन्माची हकीकत आहे: पर्वतातले उतार. मागच्या चाकाच्या ड्रमला बाहेरून पट्टा वेढलेला असतो. पेडल दाबले की तो आवळतो. साखळी नाही, डिफरन्शियल नाही, थेट चाक. शंभर वर्षांपूर्वीच्या मालकाने आपल्या जिवाच्या काळजीने जे विकत घेतले, तेच आजच्या शुद्धतावाद्याला अशुद्ध वाटते, यापरता इतिहासाचा उलटा पाठ दुसरा नसेल.

१५/ तरीही या ब्रेकविषयी खोट्या आशा नकोत. पट्ट्याची रचना अशी, की गाडी पुढे जात असताना ड्रमच्या फिरण्यानेच पट्टा अधिक आवळला जातो. गाडी मागे घसरू लागली की हा लाभ संपतो आणि पकड बरीच ढिली पडते. चढावर इंजिन बंद पडले तर हे आठवावे. पट्टा उघडा असल्याने पाणी लागले की काही काळ तो गुळगुळीत होतो. कोकणातल्या आषाढात त्याची परीक्षा घेऊ नये. शिवाय ब्रेक मागच्या दोनच चाकांवर, आणि थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे मागची अरुंद टायरे लवकर घसरतात. आधुनिक गाडीइतक्या अंतरात ही गाडी कधीच थांबणार नाही. या ब्रेकचे मोल दुसरेच आहे: मूळ साखळी तुटली तरी थांबण्याचा एक मार्ग शिल्लक राहतो.

१६/ आता वेगाच्या हौशी. लुई शेवरोले आणि त्यांच्या भावांनी मॉडेल टीसाठी ‘फ्रंटेनॅक’ नावाचे सिलिंडर हेड काढले. ते लावून या गाड्या धुळीच्या शर्यतमार्गांवर खूप गाजल्या. त्या कर्तृत्वाला नमस्कार. पण शर्यतमार्गावर समोरून टँकर येत नाही. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटरवरून ७५वर गेल्यास ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि पट्टा मात्र तेवढाच असतो. आधी इंजिनाची शक्ती वाढवायची आणि ब्रेकचा विचार ‘पुढच्या वर्षी’वर टाकायचा, हा क्रम जुन्या मोटारींच्या जगात फार रूढ आहे. तो उलटा हवा. थांबण्याची सोय, मग दिसण्याची, मग पाहण्याची, आणि या सर्वांनंतर पळण्याची.

१७/ दिसणे आणि पाहणे यांविषयी थोडक्यात. डोरोथी लेव्हिट या इंग्रज चालिकेने १९०९च्या आपल्या पुस्तकात स्त्रियांना सुचवले होते, की हाताशी एक छोटा आरसा ठेवावा आणि मागचे पाहण्यासाठी तो अधूनमधून उंच धरावा. आरसा ही त्या काळाचीच सूचना आहे, म्हणून त्याला अनैतिहासिक म्हणणाऱ्याने आधी पुस्तके चाळावीत. दिव्यांची गोष्ट अशी, की १९१५नंतरच्या गाड्यांत पुढचे विजेचे दिवे इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालत. इंजिन पळाले की ते प्रखर, गाडी हळू झाली की मंद. जेथे उजेड सर्वाधिक हवा तेथेच तो सर्वांत कमी. बॅटरी असलेल्या नंतरच्या गाड्यांत हे सुधारले, पण मागे एकुलता एक मिणमिणता दिवा राहिलाच. मागच्या ट्रकवाल्याला ही गाडी थांबते आहे हे कळणार कसे? जुन्या घाटाच्या पितळी खोळीत आजचा लाल दिवा बसवून तो ब्रेकच्या पेडलला जोडणे, हा मागे घेता येणारा आणि अगदी स्वस्त बदल आहे. त्याला विरोध करणाऱ्याने निदान त्या गाडीच्या मागच्या आसनावर बसून एक फेरी मारावी.

१८/ मोटोमीटरविषयी एक शब्द, कारण आरंभी त्याचा उल्लेख झाला. रेडिएटरच्या टोपणावरचा हा तापमापक उपयोगाचा होता आणि आहे. पण त्याचे टोक पाण्याच्या वर, वाफेत असते. पाणी फार कमी झाले की तो सांगतो त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे तो बसवूनही टोपण उघडून पाणी पाहण्याचे काम सुटत नाही, आणि गरम रेडिएटरचे टोपण उघडू नये हे वेगळे सांगायला नको. शोभा म्हणून मिरवताना तो उपकरण आहे, हे बहुतेकांच्या लक्षातही नसते.

१९/ ‘तेव्हा लोक याच गाड्या चालवत होते, त्यांना काही झाले नाही’ हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत खोटा. त्यांना पुष्कळ काही झाले. अमेरिकेत १९२१ मध्ये दर १० कोटी वाहन-मैलांमागे सुमारे २४ माणसे रस्त्यावर मरत. अलीकडच्या वर्षांत हा आकडा दीडच्याही खाली आहे. यात रस्ते, वैद्यकीय मदत, वाहतुकीचे नियम अशा अनेक कारणांचा वाटा आहे. सारे पाप मॉडेल टीच्या ब्रेकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ‘काही झाले नाही’ हे मात्र कोणाला म्हणता येणार नाही. रस्त्यांवरचे मृत्यू इतके वाढले, की १९२४च्या डिसेंबरात हर्बर्ट हूव्हर यांनी वॉशिंग्टनमध्ये रस्ता-सुरक्षेवर राष्ट्रीय परिषद बोलावली. जादा ब्रेक, आरसे आणि दिवे विकत घेणारे ग्राहक त्याच भयाच्या वातावरणात जगत होते. त्यांची ती खरेदी म्हणजेच त्या काळाची साक्ष आहे. ती गाडीवरून उतरवून टाकणारा माणूस पुरावाच नष्ट करतो.

२०/ मग जतनाचे तत्त्व काय असावे? ते नव्याने शोधण्याची गरज नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने गेल्या दशकात ‘ट्युरिन सनद’ स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे आहे. वाहनाच्या आयुष्यात काळाच्या ओघात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे भाग आहेत, असे ती मानते. आणि त्याच्या काळाबाहेरचा एखादा बदल अपरिहार्यच असेल, तर तो मूळ रचनेला आणि रूपाला धक्का न लावणारा असावा, असा तिचा आशय आहे. कोणत्याही देवळाच्या जीर्णोद्धारावर वाद घालणाऱ्या मराठी वाचकाला हे तत्त्व परके नाही. यादवकालीन गाभारा आणि पेशवेकालीन सभामंडप एकाच देवळात असतात. सभामंडप पाडला म्हणजे देऊळ अधिक अस्सल झाले, असे कोणी शहाणा म्हणत नाही.

२१/ भारतात या वादाला २०२१पासून कायद्याची किनार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार, ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठा फेरफार न झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन विंटेज म्हणून नोंदवता येते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. असे वाहन रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच मुभा आहे. ‘मूळ स्वरूप’ हे शब्द येथे आले आणि शुद्धतावाद्यांच्या हाती सरकारी दंडुका आला. कोणी ब्रेक बदलायचे म्हटले, की ‘नोंदणी जाईल’ अशी भीती घातली जाते.

२२/ नियमाचा मजकूर मात्र मोठ्या फेरफाराचा अर्थ सांगताना चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख करतो. बोल्टने बसवलेले आणि बोल्टने निघणारे पट्ट्यांचे ब्रेक यांपैकी कशातच मोडत नाहीत. एक्सलच्या पोटातले वॉशर तर नाहीतच. फ्रंटेनॅक हेडविषयी मात्र हाच मजकूर खरोखर विचार करायला लावणारा आहे, आणि त्याविषयी ही मंडळी गप्प असतात. गाड्या तपासणाऱ्या समित्यांत जे जाणकार म्हणून बसतात, त्यांनी हे भेद उघडपणे, लेखी मांडायला हवेत. ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ ठरवण्याचे काम रंगाच्या छटेवरून चालू राहिले, तर ज्याने एक्सल उघडला त्याला दोष लागेल आणि ज्याने फक्त पॉलिश मारले तो पारितोषिक घेऊन जाईल.

२३/ जोडसाहित्य कितीही उत्तम असले तरी चालवण्याची विद्या त्या काळचीच लागते, आणि तीही इतिहासाचाच भाग आहे. घाट ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम येथे अक्षरशः लागू पडतो. मॉडेल टीत खालचा गिअर राहावा म्हणून डावे पेडल सतत दाबून धरावे लागते. पाय थकून सुटला की गाडी वरच्या गिअरात उडी घेते. रक्स्टेल असेल तर उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच, खालची गती लावून घ्यावी. उतारावर असताना लिव्हरला हात लावू नये. लाकडी आऱ्यांची चाके उन्हाळ्यात सुकून आरे सैल होतात. प्रत्येक प्रवासाआधी चाक उचलून हलवून पाहावे, करकर ऐकू आली तर गाडी जागेवरच ठेवावी. स्टिअरिंग अतिशय थेट आहे, थोडे वळवले तरी चाके खूप वळतात, म्हणून वेगात झटका देऊ नये. आणि पुढच्या वाहनापासून एवढे अंतर ठेवावे, की मधे दोन रिक्षा घुसल्या तरी आणखी मागे सरकायला जागा राहील. त्या घुसणारच.

२४/ हँडल मारण्याविषयी शेवटी, कारण रॅलीच्या आरंभी सर्वांत जास्त छायाचित्रे याच क्षणाची निघतात. स्टिअरिंगखालचा डावा, ठिणगीचा दांडा पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. हँडल डाव्या हाताने वर ओढायचे, खाली दाबायचे नाही. अंगठा बोटांच्या बाजूलाच, हँडलला वेढलेला नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवे, मनगट घेऊन नव्हे. या सूचना पुष्कळांना पाठ असतात. दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. मॉडेल टीत हाताचा लिव्हर मागे ओढला की गाडी न्यूट्रलमध्ये येते आणि त्याच लिव्हरने मागचे ब्रेकही लागतात. पहाटेच्या गारव्यात गिअरबॉक्समधले तेल घट्ट असते, न्यूट्रलमध्येही क्लच थोडा ओढत राहतो, आणि इंजिन सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर पुढे सरकू पाहते. तिला तेथे थोपवणारे काय असते? फक्त ते मागचे लहानसे ड्रम, आणि आत बिडाचे, अस्तर नसलेले, कारखान्यातून निघाले तसेच राहिलेले जबडे. म्हणून चाकाखाली लाकडी ठोकळा आधी, हँडल नंतर.